पानागारांतील हस्तलाघव

सातारच्या एका वाचक भगिनींनीं आमच्याकडे पत्र पाठवून एक प्रश्न विचारला आहे. तो एकट्या त्यांचाच नसल्यामुळें त्याचें उत्तर खासगी पत्रानें न देतां येथेंच द्यावें असें आम्हांस वाटतें. त्यांचे चिरंजीव व सूनबाई नोकरीनिमित्त इंग्लंडांत लीड्स शहरीं असतात. नाताळापूर्वींच्या आठवड्यांत सूनबाईंच्या कचेरींतील मंडळींनीं एका पबांत ‘खेळांची संध्याकाळ’ योजिली असून सर्वांनीं सहकुटुंब यावें असें निमंत्रण आहे. सूनबाईंनीं ही गोष्ट मोकळेपणानें सासूबाईंना कळविली. सासूबाईंच्या मनाला मात्र चैन पडेना. जेथें दारू विकतात तेथें आमच्या घरच्या सुनेनें खेळायला जावें काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

‘जावें’ किंवा ‘जाऊं नये’ असें एका शब्दांत सांगून मोकळें होणें सोपें आहे. पण पब म्हणजे काय व तेथें खेळतात तरी काय, हें पाहिल्यावांचून निकाल देणें म्हणजे उत्तरपत्रिका न वाचतां गुण देण्यासारखेंच होईल.

‘पब’ हा ‘पब्लिक हाऊस’ या दोन शब्दांचा संक्षेप होय. अर्थ सरळच आहे: लोकांचें घर. आमच्याकडे गुत्ता म्हटला कीं काळोखी खोली, मोडकें बांकडें आणि तोंड लपवून आंत शिरणारा मनुष्य असें चित्र उभें राहतें. इंग्लंडांतील खेड्यांत पब हें चावडी, कट्टा आणि खानावळ या तिन्हींचें मिश्रण असतें. तेथें मद्य विकलें जातें व पुष्कळसें प्यालेंही जातें, हें झांकण्याचें कारण नाहीं. परंतु तेथें मनुष्य उजळ माथ्यानें जातो, आणि बायकोमुलांना घेऊन जातो. आमच्या प्राचीनांसही ही कल्पना अगदींच अपरिचित नव्हती. कौटिल्यानें सुराध्यक्षाचें प्रकरण लिहितांना पानागारांत अनेक दालनें असावींत, निरनिराळ्या बैठका असाव्यात, सुगंध, फुलें व पाणी यांची सोय असावी आणि प्रत्येक ऋतूंत तें सुखकर वाटावें, अशी व्यवस्था सांगितली आहे. अर्थात् तो कौटिल्यच असल्यामुळें कोण किती पैसा उधळतो हें पाहण्यास तेथें हेर नेमावयासही तो विसरलेला नाहीं! त्याच प्रकरणांत उत्सव, समाज व यात्रा या प्रसंगीं चार दिवस मद्याची विशेष मोकळीक त्यानें ठेविली आहे. सणाच्या दिवशीं राजसत्तेनें मूठ थोडी सैल करावी, हें धोरण फार जुनें आहे.

इंग्लंडच्या इतिहासांत याला एक मौजेचा जोड सांपडतो. आठव्या हेन्रीच्या कारकीर्दींत, इ. स. १५४१ मध्यें, एक कायदा झाला. लोक खेळांत रमून धनुर्विद्या विसरत चालले आहेत अशी तक्रार होती. म्हणून कारागीर, शेतकरी, मजूर, उमेदवार व घरगडी यांस पत्ते, फांसे, टेनिस, गोळे घरंगळविण्याचा खेळ इत्यादि सर्व मना करण्यांत आले, आणि मोडणाऱ्यास दर खेपेस २० शिलिंग दंड ठेवण्यांत आला. अपवाद एकच, तो नाताळचा. त्या दिवसांत गरिबानें खेळावें, पण तेंही धन्याच्या घरीं किंवा त्याच्या समक्ष! धन्याच्या नजरेखालीं खेळण्यांत कितीसा आनंद मिळत असेल तें तो खेळणाराच जाणे. तरी नाताळ आणि खेळ यांची गांठ इंग्रजांच्या मनांत इतकी घट्ट कां, याचें एक कारण येथें दिसतें. वर्षांतून एकदां हक्कानें मिळणारी ती वस्तु होती.

हा निर्बंध तीनशें वर्षें कायद्याच्या पुस्तकांत राहिला. १८४५ च्या कायद्यानें ‘केवळ कौशल्याचे’ जे खेळ आहेत तेवढ्यांवरील बंदी उठविण्यांत आली. दैवावर अवलंबणारा खेळ वेगळा आणि हाताच्या व नजरेच्या तयारीवर अवलंबणारा वेगळा, हा भेद तेव्हां स्पष्ट झाला. आमच्या वाचकांस हें ऐकून नवल वाटेल कीं, हीच शब्दयोजना १८६७ च्या हिंदुस्थानांतील सार्वजनिक जुगाराच्या कायद्यांत उतरली, आणि तिच्याच धर्तीवर १८८७ चा मुंबई इलाख्याचा कायदाही झाला. आपल्या घरीं कॅरमचा डाव मांडतांना आपणांस पोलिसांची आठवण होत नाहीं, याचें श्रेय या भेदाला आहे. सातारच्या भगिनींच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर आम्हांस याच भेदांत दिसतें.

आतां खेळांकडे वळूं. पबांतील पट्टीचा खेळ म्हणजे डार्ट्स. भिंतीवर एक वर्तुळाकार फळी टांगलेली असते. तिच्या मध्याची उंची ५ फूट ८ इंच असून खेळणारा पावणेआठ फुटांहून किंचित् अधिक अंतरावर उभा राहून तीन लहान बाण फेंकतो. फळीचे वीस भाग असतात, पण आंकडे क्रमानें नसतात. सर्वांत वर २०, आणि त्याच्या दोन्ही बाजूंस १ व ५. म्हणजे मोठ्या आंकड्याच्या लोभानें हात हांवरा झाला व बाण केसभर सरकला कीं पदरीं क्षुल्लक गुण पडावेत, अशी ही रचना आहे. आरंभ ५०१ पासून करावयाचा, मिळालेले गुण वजा करीत जावयाचें आणि बरोबर शून्यावर, तेंही दुप्पट गुणांच्या अरुंद कड्यांत किंवा अगदीं मध्यबिंदूंत बाण मारून, थांबावयाचें. एक गुणही अधिक झाला तर ती खेप फुकट. आम्हीं जन्मभर मुलांना वजाबाकी शिकविली, पण १७० शिल्लक असतां साठ, साठ आणि मध्यबिंदूचे पन्नास, हें गणित ज्या वेगानें तेथील एक गवंडी तोंडानें करीत होता, तो वेग आमच्या वर्गांत आम्हांस क्वचितच दिसला. त्यानें कागद मागितला नाहीं कीं बोटें मोडलीं नाहींत.

दुसरा खेळ ‘शव्ह हेपनी’, म्हणजे जुनी अर्ध्या पेनीची नाणीं फळीवरून तळहातानें ढकलण्याचा. त्याविषयीं पुढें सांगूं. तिसऱ्याचें नांवच विलक्षण आहे, ‘शिंप्यांतला सैतान’! एका टेबलावर नऊ लहान लाकडी खुंट्या उभ्या करतात. बाजूच्या खांबाला सांखळीनें चेंडू टांगलेला असतो. तो असा फिरवून सोडावयाचा कीं वळसा घेऊन त्यानें खुंट्या पाडाव्या. १८०५ सालीं लंडनच्या हेमार्केट नाट्यगृहांत शिंप्यांची थट्टा करणारें नाटक लावलें म्हणून शिंप्यांनीं दंगा केला आणि घोडेस्वारांनीं तो मोडला, त्यावरून हें नांव पडलें असें सांगतात. नॉटिंगहॅम येथें एका टेकडीच्या खडकाला टेंकून असलेल्या जुन्या पबांत दोरीला बांधलेली कडी झोंका देऊन भिंतीवरील बैलाच्या शिंगांत अडकविण्याचा खेळ आहे. ऑक्सफर्ड परगण्यांत उन्हाळ्यामध्यें ‘सॅली मावशी’ नांवाची पांढरी लाकडी बाहुली दहा यार्डांवरून दांडके फेंकून पाडतात. मावशीनें त्यांचें काय वांकडें केलें आहे न कळे.

या सर्व खेळांत एक गोष्ट समान आहे. बळाचें काम थोडें, लाघवाचें फार. आमच्या चौसष्ट कलांच्या यादींत ‘हस्तलाघव’ म्हणून जी कला सांगितली आहे, तिचा अर्थ टीकाकार बहुधा हातचलाखी असा करतात. पण हात हलका, जलद व आज्ञाधारक असणें हा तिचा पाया होय, आणि सागरगोटे, गोट्या, विटीदांडू हीं त्याच कुळांतलीं भावंडें आहेत. शिवाय या खेळांत मद्य हा सहाय नसून वैरी आहे. पहिल्या पेल्यानें कदाचित् भीड चेपत असेल, परंतु तिसऱ्यानंतर बाण फळी सोडून भिंतीला लागतो. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्यें नाताळच्या दिवसांत डार्ट्सची जागतिक स्पर्धा भरते. १९२५ नव्हे, अगदीं अलीकडे, ३ जानेवारी २०२५ रोजीं ती ल्यूक लिटलर या मुलानें जिंकली. त्याचें वय तेव्हां १७ वर्षांचें होतें. इंग्लंडांत अठरा वर्षें पुरीं झाल्यावांचून मद्य विकत मिळत नाहीं! म्हणजे पबांत वाढलेल्या खेळाचा जगज्जेता पबांत जाऊन बियरचा एक पेला विकत घेण्यास कायद्यानें अपात्र होता. खेळ आणि पेला यांचा संबंध सोबतीचा आहे, नात्याचा नाहीं.

दोन वर्षांपूर्वीं नाताळच्या सुमारास आम्ही उभयतां ऑक्सफर्डजवळच्या एका खेड्यांत चिरंजीवांकडे होतों, तेव्हां तेथील पबांत अशीच एक संध्याकाळ पाहण्याचा योग आला. चार वाजतांच अंधार पडलेला. आंत ठेंगणें छत, काळ्या पडलेल्या तुळया, शेकोटींत जळत असलेले ओंडके, भिंतींना होली नांवाच्या झाडाच्या कांटेरी पानांच्या व लाल फळांच्या डहाळ्या. प्रत्येकाच्या डोक्यावर रंगीत कागदाचा मुकुट होता. एका टोपींत सर्वांच्या नांवाच्या चिठ्ठ्या टाकून जोड्या पाडण्यांत आल्या. गांवचा डॉक्टर एका दहा वर्षांच्या मुलीचा भिडू झाला, सूनबाई एका शेतकऱ्याच्या, आम्ही टपाल वांटणाऱ्या बाईंचे, आणि आमची मंडळी वर सांगितलेल्या गवंड्याच्या वांट्याला गेली. त्यांना इंग्रजी येत नाहीं व त्याला मराठी. आम्हीं लिंबाचें सरबत व सोडा मागितला. कोणीं भुंवई वर केली नाहीं कीं आग्रह केला नाहीं.

आमच्या बाणांविषयीं न बोलणें बरें. सूनबाईंचा हात मात्र चांगला सरावलेला दिसला. शेजारच्या गृहस्थांनीं कौतुकानें आम्हांस सांगितलें कीं, २०१९ च्या डिसेंबरांत फॅलन शेरॉक या बाईनें जागतिक स्पर्धेंत पुरुषाला हरवून सामना जिंकला. त्या स्पर्धेंत स्त्रीनें सामना जिंकण्याची ती पहिलीच वेळ. तेव्हांपासून म्हणे पबांतील मुली फळीपुढें मोकळेपणानें उभ्या राहूं लागल्या. त्यानंतर लाकडी ठोकळ्यांचा मनोरा आला. जेंगा हें त्याचें नांव. तीन तीन ठोकळ्यांचे अठरा थर, म्हणजे चोपन्न ठोकळे. खालचा एक हळूच काढून वर ठेवावयाचा. लेस्ली स्कॉट या बाईनें घाना देशांत आपल्या घरांतील मंडळी खेळत असत तोच खेळ १९८३ सालीं लंडनच्या खेळण्यांच्या प्रदर्शनांत मांडला. स्वाहिली भाषेंतील ‘बांधणें’ या धातूवरून तिनें त्याचें नांव ठेविलें. बांधण्याचें नांव आणि पाडण्याची भीति, असा हा खेळ आहे. आमच्या मंडळींच्या शालीचें टोंक लागून मनोरा कोसळला, तेव्हां सारा पब एकदम ओरडला, आणि सर्वांत मोठ्यानें हंसल्या त्या स्वतः.

मग नाण्यांची फळी आली. फळीवर आडव्या रेघांनीं नऊ पट्ट्या पाडलेल्या असतात. १९६९ सालीं चलनांतून गेलेलीं तीं ब्राँझचीं नाणीं एकेक करून फळीच्या कांठावर ठेवावयाचीं आणि तळहाताच्या गादीनें असा धक्का द्यावयाचा कीं नाणें दोन रेघांच्या मध्यें, कोणत्याही रेघेस न शिवतां थांबावें. मंडळींनीं पहिलें नाणें ढकललें तें फळीबाहेर गेलें. दुसरें अलीकडेच राहिलें. तिसरें चवथ्या पट्टींत जाऊन बसलें, आणि पुढचीं दोन त्याच्या मागून अशीं नेमकीं गेलीं कीं गवंड्यानें डोक्यावरचा कागदी मुकुट काढून त्यांच्यापुढें मान लवविली. त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या, “अहो, हें तर सागरगोट्यांपेक्षां सोपें आहे. येथें निदान झेलावें लागत नाहीं.” त्या जोडीनें तो डाव जिंकला. आम्ही मात्र दुसऱ्याच विचारांत होतों. चाळीस वर्षांच्या संसारांत आम्ही उभयतां एका डावाला बसलों, असें त्या दिवसापर्यंत घडलेलें नव्हतें. आमच्या घरची रीतच तशी. पुरुषांचे पत्ते व सोंगट्या ओटीवर, बायकांचे सागरगोटे माजघरांत, मुलांचे खेळ अंगणांत. मंगळागौरीच्या रात्रीं आंतून हंसण्याचे आवाज ऐकूं येत आणि आम्ही बाहेर झोंपेची आराधना करीत असूं. त्या हातांत एवढें लाघव आहे हें गवंड्याला पांच मिनिटांत कळलें.

त्या संध्याकाळीं सर्वच गोड होतें असें मात्र नव्हे. त्या पबांत लहान मुलांना नऊ वाजेपर्यंतच मुभा होती, आणि नियम कां केला असेल हें साडेआठपासूनच कळूं लागलें. आवाज चढले, गाणीं जरा सैल झालीं, एका तरुणाला त्याच्या मित्रांनीं काखेंत धरून बाहेर नेलें. कोपऱ्यांत एक दिव्यांचें यंत्र लुकलुकत होतें. त्यांत नाणें टाकावें, कळ दाबावी आणि दैवाची वाट पाहावी. त्याच्यापुढें एक गृहस्थ आम्ही आल्यापासून एकटेच उभे होते, त्यांना टोपींतील चिठ्ठीही नको होती. २००५ च्या कायद्यानें अशीं दोन यंत्रें ठेवण्याचा पबवाल्यास हक्कच आहे. ज्या राज्यांत एके काळीं मजुरानें गोळा घरंगळविला म्हणून २० शिलिंग दंड होई, तेथें आज हें यंत्र राजरोस चालतें. आम्हांस विचाराल तर पेल्याइतकेंच त्या यंत्रापासून दूर राहावें.

पूर्वीं नाताळच्या रात्रीं याहून धाडसाचें हस्तलाघव चालत असे. पसरट भांड्यांत ब्रँडी ओतून तींत मनुका टाकीत व ती पेटवून दिवे मालवीत. निळ्या ज्वाळांतून मनुका चटकन् उचलून तोंडांत टाकावयाची! डॉ. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशांत या खेळाचें वर्णन आहे, आणि हात जलद असेल तर भाजत नाहीं अशी ग्वाहीही आहे. मायकेल फॅरडे यानें १८६०-६१ च्या नाताळांत मुलांपुढें मेणबत्तीवर जीं प्रख्यात व्याख्यानें दिलीं, त्यांत हाच खेळ दृष्टान्तास घेतला. मनुका हीच वात आणि ब्रँडी हें तेल, असें त्यानें मुलांना दाखविलें. घरांतल्या खेळांतून रसायनशास्त्राचा धडा काढणारा असा गुरु आम्हांस हेवा वाटण्याजोगा वाटतो. मात्र हा खेळ आमच्या वाचकांच्या मुलांनीं करून पाहूं नये, हें सांगणें नलगे.

पबांचेंही दिवस आतां पूर्वींचे राहिलेले नाहींत. २००० सालीं ब्रिटनमध्यें सुमारें ६०,००० पब होते, आज त्यांची संख्या ४५,००० च्या आसपास आली आहे. जे उरले त्यांतील पुष्कळांनीं जेवणाचीं टेबलें मांडण्यासाठीं फळ्या व खुंट्या अडगळींत टाकल्या. नाताळच्या निमित्तानें त्या बाहेर निघतात आणि एक दिवस सर्व वयांचीं माणसें एका रेघेवर उभीं राहतात.

तेव्हां सातारच्या भगिनींना आमचें सांगणें असें. सूनबाईंना जाऊं द्यावें, आणि चिरंजीवांनींही बरोबर जावें. सरबत मागावें, यंत्राकडे फिरकूं नये, नऊच्या सुमारास घरीं परतावें. कोण जिंकलें तें मात्र त्यांनीं सविस्तर लिहून कळवावें अशी अट घालावी. ज्या सुनेनें आपण होऊन विचारलें तिच्या विवेकाविषयीं शंका घेण्यास आम्हांस जागा दिसत नाहीं.

आणि स्वतः भगिनींनीं दिवाळीनंतर घरच्या सुताराकडून एक फळी करून घ्यावी. लांबी दोन फूट, रुंदी सव्वा फुटाच्या आंत, लांकूड गुळगुळीत तासलेलें. खालच्या कांठाला एक पट्टी ठोकावी म्हणजे फळी टेबलावरून सरकणार नाहीं. नाणें एक इंचाचें असेल तर रेघांमधील अंतर सव्वा इंच ठेवावें, आणि अशा नऊ पट्ट्या आंखाव्या. कॅरमची भुकटी चालते. प्रत्येक पाळीस पांच नाणीं. पुढच्या नाण्यानें मागचें सरकवून नीट बसविलें तरी तें धरावें. पहिल्या रेघेपर्यंतही जें पोंचलें नाहीं तें परत घ्यावें. पांचही नाणीं ढकलून झाल्यावर, रेघेस न शिवलेल्या प्रत्येक नाण्याबद्दल त्या पट्टीच्या कडेला खडूची एक खूण करावी. डावी बाजू एकाची, उजवी दुसऱ्याची. प्रत्येक पट्टींत ज्याच्या तीन तीन खुणा आधीं भरतील तो जिंकला. आपल्या तीन भरल्यावर चौथें नाणें त्याच पट्टींत गेलें तर ती खूण प्रतिपक्षाला मिळते, फक्त त्याची शेवटची खूण त्यानें स्वतःच मिळवावयाची असते. हा शेवटचा नियम डाव मांडण्यापूर्वींच सर्वांना समजावून सांगावा, नाहींतर नवव्या पट्टीवर आजोबा व नातू यांचें भांडण ठरलेलें.